सुमलक: गव्हाला मोड आणण्यापासून वाडगं पोचवण्यापर्यंत

दक्षिण किर्गिझस्तानात, जलालाबाद प्रांतातल्या अर्सलानबोबसारख्या उझबेक वस्तीच्या डोंगरी गावांत २१ मार्चला, नवरोजच्या म्हणजे वसंतातल्या नववर्षाच्या सकाळी, सुमलक वाटतात: मोड आलेल्या गव्हाचा, रात्रभर ढवळून केलेला दाट पदार्थ. गहू, पीठ, तेल आणि पाणी एवढंच सामान. साखरेचा कण नसतो, तरी पदार्थ गोड लागतो. ओश आणि बिश्केकला वैद्यकीय शिकायला गेलेल्या मराठी मुलांना तिथे हे खायला मिळतं. मग कुणी वसतिगृहात, कुणी घरी परतल्यावर करून बघतं, आणि पातेल्यात बहुतेक वेळा उरते ती राखाडी, बेचव खळ.

दोष ढवळण्यावर ढकलला जातो. रात्रभर ढवळायचं असतं हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून तिथे सहसा कुणी कुचराई करत नाही. बिघडतं ते आधीच्या आठवड्यात, चुलीवरच्या पहिल्या दोन तासांत, आणि शेवटी वाटपात. म्हणून या लेखात जास्त जागा या तिघांना दिली आहे.

प्रमाण आणि वेळापत्रक

महल्ल्याच्या १०० लिटरच्या कढईसाठी: मोडासाठी गहू ४ किलो, गव्हाचं पीठ १२ किलो, तेल ३ लिटर, पाणी सुमारे ४८ लिटर. यातून साधारण ३५ ते ४० किलो सुमलक होतं, म्हणजे दीडशे ग्रॅमची अडीचशेच्या आसपास वाडगी.

घरी करून बघायचं तर सोळावा हिस्सा घ्या: गहू २५० ग्रॅम, पीठ ७५० ग्रॅम, तेल १८० मिली, पाणी ३ लिटर, आणि जाड बुडाचं किमान ६ लिटरचं पातेलं. याला पाच-सहा तास पुरतात.

घरोघरी प्रमाण बदलतं. गव्हाच्या दुप्पट पीठ घेणारे आहेत, चौपट घेणारेही आहेत. पहिल्यांदा करणाऱ्याने तिपटीच्या पुढे जाऊ नये, कारण गोडी मोडांतून येते आणि पीठ जितकं जास्त तितकं मोडांवरचं ओझं जास्त.

तारखा उलट्या मोजा. २१ तारखेच्या पहाटे झाकण उघडायचं, तर २० तारखेच्या दुपारी चूल पेटली पाहिजे, त्याच सकाळी मोड दळले पाहिजेत, आणि गहू १४ तारखेला भिजत पडला पाहिजे. मार्चमध्ये डोंगरात घरंही गार असतात, मोड सावकाश येतात. खात्री हवी असेल तर अर्धा गहू १३ ला आणि अर्धा १४ ला भिजवा. आधी तयार झालेले मोड गार खोलीत पातळ पसरून एक दिवस थांबतात. उशीर झालेल्या मोडांना मात्र घाई करता येत नाही.

१. गहू निवडणं

सालासकट अख्खा, शक्यतो गेल्या हंगामातला गहू घ्या. फुटका, किडलेला, फार जुना गहू टाकाऊ. मोड न आलेला दाणा ओल्या ढिगात कुजतो आणि शेजारच्यांनाही कुजवतो.

आठवडाभर आधी शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. चार दिवसांत नव्वदच्या वर उगवले तर गहू चांगला. ऐंशीच्या खाली आले तर दुसरा आणा.

*सावध:* पेरणीसाठी विकतात त्या बियाण्याला बुरशीनाशक लावलेलं असतं, बहुधा गुलाबी किंवा लालसर रंगाचं. ते धुऊनही खाण्यालायक होत नाही. गहू खाण्याच्या दुकानातूनच घ्या.

२. मोड आणणं

इथे मराठी घरांतला अनुभवच आड येतो. कुरडईचा चीक ज्याने केलाय तो गहू तीन दिवस पाण्यात बुडवून ठेवतो, रोज पाणी बदलतो आणि आंबूस वास आला की खूश होतो. सुमलकाला तो वास आला की काम संपलं. चिकासाठी दाण्यातला स्टार्च बाहेर काढायचा असतो. इथे दाणा जिवंत राहून उगवायला हवा, कारण उगवताना त्यात जी विकरं तयार होतात तीच पुढे कढईत पिठाच्या स्टार्चची साखर करतात. पाण्याखाली दाण्याला हवा मिळत नाही, आणि हवेविना तो गुदमरतो.

म्हणून भिजवणं एकच दिवस. गहू पाच-सहा पाण्यांनी धुवा, तरंगणारे दाणे काढून टाका, गार पाण्यात २४ तास ठेवा आणि मध्ये तीनदा पाणी बदला. मग चाळणीत पूर्ण निथळू द्या.

लाकडी फळीवर किंवा ताटांत ओलं सुती कापड अंथरून गहू एक ते दीड सेंटिमीटर जाडीचा पसरवा. वरून दुसरं ओलं कापड. खोली अंधारी आणि १५ ते २० अंशांची असावी. लवकर व्हावं म्हणून ताटं शेगडीजवळ नेऊ नका. ऊब मिळाली की आधी बुरशी धरते, मोड मागून येतात. सकाळ-संध्याकाळ हाताने पाणी शिंपडा. खाली पाणी साचलं तर ताट तिरपं करून काढून टाका.

पहिले दोन दिवस दाणे हलक्या हाताने वरखाली करता येतात. तिसऱ्या दिवसापासून मुळं एकमेकांत गुंततात, मग हात लावायचा नाही. पाचव्या दिवसापर्यंत पांढऱ्या मुळांची चटई होते आणि वर सुईसारखे पांढरे कोंब दिसतात. थंडी जास्त असेल तर सात दिवस लागतील.

*तपासणी:* चटईचा कोपरा उचलला तर अख्खी वर येते का? एक दाणा चावला तर गोडसर, दुधाळ लागतो का? दोन्ही जमलं की त्याच दिवशी दळा.

*सावध:* कोंबाचं टोक हिरवं झालं तर सुमलक कडू होतं. दोन-चार हिरवी टोकं खुडून टाका. सगळीच चटई हिरवी झाली असेल तर ती कोंबड्यांना घाला. करडी लव, काळे ठिपके किंवा आंबूस वास दिसला तरी तेच. लांब उकळल्याने बुरशीचं विष जातं असं समजू नका.

३. दळणं आणि दूध काढणं

गावात यासाठी खिमा करायचं हाताचं यंत्र वापरतात. मिक्सर चालतो, पण थांबून थांबून फिरवा, भांडं गरम होऊ देऊ नका. पाणीही गारच हवं.

चटईचे तुकडे करून दळा. त्यावर १२ लिटर पाणी घालून हाताने चोळा आणि पातळ सुती कापडातून पिळा. हे पहिलं दूध, दाट आणि पांढरं. चोथा पुन्हा दळून १६ लिटर पाण्यात दुसरं दूध काढा, मग २० लिटरमध्ये तिसरं. घरच्या मापाला हेच आकडे पाऊण, एक आणि सव्वा लिटर. तिन्ही वेगवेगळ्या भांड्यांत, झाकून, गारव्यात ठेवा. एकत्र ओतलीत तर पुढे घट्टपणा सांभाळायला हातात काही राहत नाही.

दूध काढल्यावर दोन-तीन तासांत चुलीवर गेलं पाहिजे. आदल्या रात्री काढून ठेवलेलं दूध सकाळपर्यंत आंबतं.

पीठ चाळून पहिल्या दुधात थोडं थोडं घाला, मग दुसऱ्या दुधाने सैल करा. सगळं मिश्रण एकदा चाळणीतून काढा. गुठळी इथे राहिली तर रात्रभर ढवळूनही मोडत नाही, बाहेरून शिजते आणि आत कोरडं पीठ तसंच राहतं.

४. चूल, कढई आणि गोटे

कढई बिडाची, गोल बुडाची. ती दोन-तृतीयांशाहून जास्त भरू नका. चूल अशी हवी की जळण पटकन ओढून काढता येईल. हे काम बहुधा पुरुष करतात: चूल रचणं, लाकूड फोडणं, कढई आणून बसवणं. ढवळण्याचा कारभार एका जाणत्या बाईकडे असतो, आणि विस्तव कमी-जास्त तिच्याच शब्दाने होतो. दोन जणी दोन तऱ्हेने विस्तव सांगू लागल्या की कढई करपलीच समजा.

गोटे म्हणजे नदीतले गुळगुळीत, घट्ट दगड, अक्रोडापासून लिंबाएवढे. मोठ्या कढईला वीस-पंचवीस पुरतात. पीठ तळाशी बसून करपू नये म्हणून ते बुडावर लोळत राहतात. थरांचे, भेगांचे किंवा चुरा सुटणारे दगड नकोत, ते तापल्यावर फुटतात. घासून, वीस मिनिटं उकळून, वाळवून घ्या, आणि मोजून कागदावर लिहून ठेवा. हा आकडा सकाळी लागणार आहे.

५. पहिले दोन तास

आधी तेल. त्या भागात सरकीचं तेल वापरतात, सूर्यफुलाचंही चालतं. सरकीचं असेल तर हलका धूर येईपर्यंत तापवून त्याचा उग्रपणा घालवतात. मग जळण बाहेर ओढा आणि तेल बोट टेकेल इतकं निवू द्या.

*सावध:* धुरावलेल्या तेलात पाण्याचं मिश्रण ओतलंत तर ते उसळून अंगावर येतं. या कामातलं सगळ्यात वाईट भाजणं इथेच होतं. मुलांना या वेळी चुलीपासून दूर ठेवा.

कोमट तेलात पीठ-दुधाचं मिश्रण धारेने सोडा, एकीने ओतायचं आणि दुसरीने ढवळायचं. त्यानंतर विस्तव अगदी मंद. आता कढई उकळू द्यायची नाही. मोडांतली विकरं साधारण ६० ते ६५ अंशांना जोमाने काम करतात, आणि ७५-८० च्या पुढे मरतात. मिश्रण या टप्प्यात तास-दीड तास राहिलं तर गोड होतं. वीस मिनिटांत खदखदवलं तर ती खळ तयार झाली, आणि पुढचे दहा तास तुम्ही खळच ढवळणार.

थर्मामीटर असेल तर लावा, लाजायचं काही नाही. नसेल तर खूण अशी: वाफ येते, बोट क्षणभरही ठेववत नाही, पण बुडबुडा एकही नाही.

पाऊण तासाने मिश्रण दाटतं, आणि मग जास्तीचं काही न घालताच पुन्हा पातळ होतं. नवखे इथे घाबरून पीठ वाढवतात. वाढवू नका. पातळ होणं म्हणजे स्टार्च तुटतोय, सगळं ठीक चाललंय.

*तपासणी:* दीड तासाने चमचाभर निववून चाखा. गोडी जिभेला लागली पाहिजे. लागली नाही तर आच आणखी कमी करून अर्धा तास थांबा. तरीही नसेल तर मोड कमी पडले किंवा मेले. आता साखर घालून खाण्याजोगं होईल, सुमलक होणार नाही.

गोडी आली की गोटे सोडा, विस्तव मध्यम करा आणि पहिली उकळी येऊ द्या.

६. ढवळण्याची रात्र

यात गुपित काही नाही, माणसं हवीत. लांब दांड्याची लाकडी उलथनी दोन ठेवा. एकीची पाळी पंधरा-वीस मिनिटं. पुढचीने दांडा धरल्याशिवाय आधीचीने सोडायचा नाही. नुसतं गोल फिरवून मधला तळ सुटतो, म्हणून गोल दोनदा आणि आडवं एकदा, बुडाला टेकवून. गोट्यांचा खडखडाट ऐकत राहा. तो थांबला की तळाशी थर धरतोय.

दाटलं की तिसरं दूध दोन-दोन लिटर घाला. ते संपल्यावर लागलं तर गरम पाणी, गार कधीच नाही. अर्सलानबोब सुमारे १६०० मीटरवर आहे, तिथे पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळतं. त्यामुळे खालच्या गावात ऐकलेल्या तासांत दीड-दोन तास वाढवून धरा. एकूण बारा-चौदा तास.

रंग पांढऱ्याचा बदामी, बदामीचा तांबूस आणि शेवटी काकवीसारखा होतो. दाट झाल्यावर मिश्रण उडतं. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घाला आणि ओढणी मागे बांधा.

करपल्याचा वास आला तर तळ खरवडू नका. विस्तव ओढा, वरचं दुसऱ्या कढईत काढा, खालचा थर तिथेच राहू द्या. खरवडलंत तर वीस किलोला तोच वास लागेल.

पाहुण्याच्या हातात उलथनं दिलं जातं. बिस्मिल्ला म्हणून, मनात इच्छा धरून तीन फेरे घ्यायचे असतात. मुस्लीम नसाल तर मनातल्या मनात इच्छा पुरे. उलथनं घेऊन एका हाताने व्हिडिओ काढत बसू नका. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय नकोतच.

*तपासणी:* कडेने तेल सुटलंय, उलथनं ओढल्यावर क्षणभर बूड दिसतं, आणि गार बशीवरचा थेंब पसरत नाही. तिन्ही झालं की चूल विझवा.

७. दम

सगळा विस्तव काढा, फक्त राखेतली धग ठेवा. कढईवर स्वच्छ कापड, त्यावर झाकण, त्यावर जाड गोधडी. तीन-चार तास कुणीही डोकवायचं नाही. मध्येच उघडलं तर वाफ गार होऊन पाणी पडतं आणि वरचा थर पाणचट होतो. फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजानंतर झाकण निघतं. वयाने मोठी व्यक्ती हात पसरून दुआ मागते, बाकीचे आमीन म्हणतात, आणि मगच चमचा पडतो. त्याआधी बोट घालून चाखणं फार वाईट दिसतं.

८. वाटप

चांगलं झालेलं सुमलक इथे वाया घालवणारे पुष्कळ. आधी कढईपाशी जमलेल्यांनी भरपूर घ्यायचं आणि उरलं तर घरोघरी पाठवायचं, हा क्रम चुकीचा आहे. आलेल्यांना रात्रभराची मजा मिळालेलीच असते.

यादी आदल्या दिवशी करा. ज्यांनी मूठभर गहू, वाटीभर पीठ, जळण, काहीही दिलं ती सगळी घरं. मग शेजार, मग जे येऊ शकले नाहीत ते: म्हातारे, आजारी, बाळंतीण, ज्यांच्याकडे त्या वर्षात मयत झाली ती घरं. घरं मोजा आणि वाडगी त्याहून दहा जास्त ठेवा, कारण यादीत नसलेला कुणीतरी दारात येतोच आणि त्याला नाही म्हणायचं नसतं. कमी पडेल असं वाटलं तर सगळ्यांचंच वाडगं लहान करा. एकाला भरून आणि दुसऱ्याला तळाशी, असं गावात लपत नाही.

आता गोटे. झाऱ्याने ते सगळे काढा आणि रात्रीच्या आकड्याशी जुळवा. वाडग्यात गोटा आला तर इच्छा पुरी होते म्हणतात, त्यामुळे काही जण मुद्दाम ठेवतात. ठेवायचे तर मोठेच, आणि सांगून. लहान मुलांच्या आणि कवळी घालणाऱ्यांच्या वाडग्यात एकही नको. आकडा जुळेपर्यंत पहिलं वाडगंही बाहेर पाठवू नका.

वाढताना पळी तळापर्यंत नेऊन वर आणा. वर तेल असतं, खाली दाट. नुसतं वरवरचं वाढलं तर पहिल्या घरांना तेल आणि शेवटच्यांना गोळा जातो. उथळ, रुंद वाडगी वापरा. गरम असताना झाकण लावू नका, खाली ठिपकणाऱ्या पाण्याने दोन दिवसांत बुरशी येते. कोमट झालं की कापड बांधा.

निघण्याचा क्रम: सगळ्यात लांबचं, वरच्या अंगाचं घर पहिलं. मार्चमध्ये वाटेवर चिखल किंवा बर्फ असतो आणि मुलं परत यायला तास लागतो. मग आजारी आणि वृद्ध, मग शेजार, मग ढवळणाऱ्या बायकांची घरं. ज्यांच्या अंगणात चूल होती त्यांचं सगळ्यात शेवटी. वाडगं उजव्या हाताने किंवा दोन्ही हातांनी द्यायचं, उंबऱ्यावर ठेवून निघून जायचं नाही.

रमजान आणि नवरोज एकत्र येतात तेव्हा हिशेब बदलतो. हिजरी महिने दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात, नवरोज सौर आहे आणि तिथेच राहतो. २०२४ आणि २०२५ मध्ये २१ मार्च रमजानात पडला होता. अशा वर्षी वाटप इफ्तारच्या वेळेला धरून करा, आणि वाडगं देताना “चाखून बघा ना” असा आग्रह धरू नका. ढवळताना चव बघण्याचं काम रोजा नसलेल्या बाईकडे द्या.

कुणाला सांगून द्यायचं तेही ठरवा. साखर घातलेली नसली तरी यात माल्टोज, म्हणजे स्टार्चपासून झालेली साखर, भरपूर असतं, म्हणून मधुमेही माणसाला “बिनसाखरेचं आहे, खा” म्हणणं चूक आहे. त्याला चमचाभर पुरे. गव्हाची ॲलर्जी असलेल्याला अजिबात नको. पदार्थात मांस नाही, पण कढईत एरवी मटणाचा पुलाव होतो आणि दस्तरखानावर (जेवणासाठी अंथरलेल्या कापडावर) शेजारी मांसाचा हलीमही असू शकतो. कडक शाकाहारी असाल तर आधी विचारा, मग हो म्हणा. वाढल्यावर उष्टं टाकणं जास्त खुपतं.

खायची रीत साधी: नान तोडून त्यावर थोडं, सोबत बिनदुधाचा चहा. नान उलटी ठेवायची नाही, जमिनीवर तर नाहीच. एका बैठकीला तीन-चार चमचे बास होतात. उरलेलं झाकून गारव्यात तीन-चार दिवस टिकतं, फ्रिजमध्ये आठवडाभर. प्रत्येक वेळी कोरडा चमचा वापरा.

पाहुणे म्हणून जाणार असाल तर किलोभर पीठ किंवा लिटरभर तेल २० तारखेच्या सकाळीच नेऊन द्या. रात्री मिठाईचा डबा घेऊन पोचलात तर स्वागत होईल, पण यादी तोवर झालेली असते. तुमच्या वाट्याचं वाडगं परत करताना धुऊन आणि काहीतरी घालून द्या: सुकामेवा, बिस्किटं, चार लाडू. रिकामा डबा परत द्यायचा नसतो हे मराठी माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. कढई मात्र त्याच सकाळी, तळ कोमट असतानाच, पाणी घालून ठेवा. दुपारपर्यंत थांबलात तर तो थर छिन्नीनेच निघतो.